घोणसीकर सर आणि सुनंदाचा हात

नोकरीच्या पहिल्याच दिवशी घोणसीकर सरांनी माझ्या टेबलावरचा माउस उचलला, त्याची वायर त्यालाच गुंडाळली आणि तो आपल्या कपाटात टाकून दिला. ते म्हणाले, "उंदीर पाळायला हे काय धान्याचं गोदाम हाय? समोर एवढी बटणं हायत. त्यांच्यावर जग."

लातूरला एका चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. ते ब्राउझरमध्ये उघडायचं, पण सगळं काम कीबोर्डवरूनच व्हायला हवं, असा सरांचा हट्ट होता. त्यासाठी ते दवाखान्यात जाऊन खिडकीच्या आत उभे राहत आणि कारकुनांचे हात बघत. "पेशंट उभा हाय, कडेवरचं लेकरू तापानं फणफणून राहिलंय, आन् ही बाई पडद्यावर बाण हुडकून राहिली," असं त्या बाईसमोरच म्हणत. बाई रडकुंडीला यायची. सरांचं निदान मात्र खरं असायचं.

बटणांचं काम माझ्याकडे होतं. मराठी टायपिंग चालू असताना सेव्ह करायला कंट्रोलबरोबर एस दाबलं की संगणकाला एस मिळतच नसे, मात्रा मिळे, आणि सेव्ह व्हायचं राहून जाई. बटणावरचं अक्षर न बघता बटणाची जागा बघायची, ही युक्ती मला सरांनीच सांगितली. कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं की ब्राउझर अख्खं पान बंद करतो, ते काही आपल्याला अडवता येत नाही. गणेश नावाच्या आमच्या एका सहकाऱ्याकडून एकदा ते दाबलं गेलं आणि भरलेली माहिती गेली. सरांनी त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत दारात उभं केलं. येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं आपली चूक सांगायची, ही शिक्षा. गणेश लग्न झालेला माणूस होता.

मग मुखेडहून सुनंदा नोकरीसाठी आली. मराठी टायपिंग तिला उत्तम येत होतं. डावा हात ओढणीखाली होता. सर म्हणाले, "हात दाव." तिनं दाखवला. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात तिची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं. कंट्रोल आणि शिफ्ट धरायची ती हीच बोटं. सरांनी तो हात बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "सोमवारपासून ये."

पुढचे काही दिवस सर तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. दोन-तीन बटणं एकदम धरायची गरजच त्यांनी काढून टाकायला लावली. आधी एक दाबून सोडायचं, मग दुसरं. मधे संगणकानं किती वेळ थांबायचं, हे त्यांनी तिच्या हातावरून ठरवलं. जास्त थांबलं तर नावातलं अक्षर गिळलं जाई, कमी थांबलं तर तिचा हात पोचत नसे. ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा बदलून घेत, आणि तिला एकदाही "जमंल का?" असं विचारत नसत. सुनंदा मला म्हणाली, "शिवादादा, सर हाताकडं बघतेत, पण कीव न्हाई करीत. असं कुणी बघितलं न्हाई अजून."

नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही सॉफ्टवेअर दाखवायला गेलो. डॉक्टर, नर्सा, नोंदणीवरच्या बायका असं सगळं सभागृह भरलं होतं. सुनंदानं सरसर नोंदी करून दाखवल्या. ती थांबली तशी सरांनी तिचं मनगट धरलं आणि हात सगळ्यांना दिसेल असा वर उचलला. "बघा. एवढ्या बोटांत होतंय. तुमच्या बायांना तर देवानं धा दिलेत." लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. सुनंदाचा हात वर होता आणि मान खाली.

परतताना गाडीत ती म्हणाली, "सर, असं नका करू पुन्हा."

सर पुढे रस्त्याकडे बघत म्हणाले, "गेली ती बोटं गेली. आता त्यांच्याकडून काम तरी करून घेऊ."

ऑफिसात मी त्यांना म्हणालो, "सर, आधी तिला विचारायचं तरी." ते म्हणाले, "बटण दाबताना बटणाला विचारतोस का तू?"

उदगीरला तेच झालं, देगलूरला तेच. लांब बाह्यांचा ड्रेस घालायचा नाही, असं त्यांनी तिला बजावलं. बिलोलीला मात्र सुनंदानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि हळूच म्हणाली, "सर, आज तुम्हीच दाखवा."

सर सगळ्यांकडे वळले. "लाज वाटून राहिली तिला. मशिनीत हात घालताना न्हाई वाटली."

या वेळी कुणी हसलं नाही. सुनंदानं पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली. मी मागोमाग बसस्थानकापर्यंत गेलो. मुखेडची बस लागलेली होती. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो तर ती म्हणाली, "तुम्ही जावा माघारी. तुमची बोटं शाबूत हायत, तुम्हाला काय न्हाई करणार ते."

पुढच्या आठवड्यात निलंग्याला जायचं होतं. सरांनी पल्लवी नावाच्या नव्या मुलीला बोलावलं आणि माझ्यापुढे चिकटपट्टीचं रीळ ठेवलं. "हिची दोन बोटं दुमडून बांध. वरून बँडेज कर." मी रीळ उचललं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःचीच डावी करंगळी आणि शेजारचं बोट तळहातात दुमडलं, दातानं पट्टी तोडली आणि बांधून घेतलं. मग तसल्या हातानं नोंद करून बघितली. चेहऱ्यावर शरम नव्हती की गंमत नव्हती. बटणं बसतात का, एवढंच ते बघत होते. "बसतेत," ते म्हणाले, आणि तसेच निलंग्याला निघून गेले. मी त्याच दिवशी नोकरी सोडली. त्यांनी का म्हणूनही विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सर वारले. झोपेतच गेले, म्हणे. मी सुनंदाला फोन केला. ती आता मुखेडच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर असते. "थांबा, रांग हाय," म्हणून तिनं फोन बाजूला ठेवला. मला बटणांचा आवाज येत राहिला, एक, मग दुसरं, भराभर. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हां, बोला."

मी सांगितलं.

"इथं त्यांचंच सॉफ्टवेअर हाय," ती म्हणाली. "स्कूटीचा ब्रेक माझ्या हाताला बसत न्हाई दादा, हातमोजा बसत न्हाई. ही बटणं तेवढी बराबर बसतेत. माझ्या हाताच्या मापानं जगात एवढी एकच चीज झाली, आन् ती त्या माणसानं केली. दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याच्या पाया पडले असते."

"ठेवते," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."