बिनखांद्याचा झगा

आमच्या नांदेडच्या घरात शिवणयंत्र आलं ते माझ्या डाव्या खांद्यामुळे. मी सहा वर्षांची असताना तिथं एक पांढरा डाग उमटला आणि दोन वर्षांत पुरीएवढा होऊन थांबला. आईनं आधी डॉक्टर केले, मग बावचीचं तेल केलं, मग माझं लिंबू आणि ताक बंद केलं. डाग काही हलेना, तेव्हा तिनं शिवणाचा क्लास लावला. कारण पोरीला टेलरकडे न्यायचं म्हणजे तो माप घेणार, त्याला दिसणार, तो घरी जाऊन बायकोला सांगणार आणि सकाळपर्यंत गल्लीला कळणार की ह्यांच्या घरात कोड आहे. कोड हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. आई नुसतं 'ते' म्हणते.

त्यानंतर वीस वर्षं माझा प्रत्येक कपडा आईनं शिवला आणि प्रत्येकाला कोपराखाली बाही लावली. मे महिन्यात नांदेडला रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही. मैत्रिणींच्या आया मला फार वळणाची समजायच्या. 'ती बघ कशी राहते,' असं माझं उदाहरण देऊन कितीतरी निष्पाप मुलींना बोलणी बसली असतील. त्यांची मी मनापासून माफी मागते.

तर गेल्या वर्षी लातूरच्या मामाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे रेणापूरचे. सोयाबीनची आडत, दारात दोन गाड्या आणि अंगात हौस. हळद, मेहंदी, संगीत असं सगळं लावून झाल्यावर एक संध्याकाळ रिकामी उरत होती, तिला त्यांनी 'कॉकटेल' असं नाव दिलं. कॉकटेल म्हणजे काय, असं दोन्ही घरांत कुणाला विचारलं असतं तर फळांचा मिक्स ज्यूस हेच उत्तर मिळालं असतं. ग्रुपवर निरोप आला की बायकांनी वेस्टर्न घालावं. त्याच्याखाली मामीनं लगेच लिहिलं, 'गुडघ्याखाली.'

मला हवा तो ड्रेस मी फोनवर हेरून ठेवला होता. गर्द हिरवं सॅटिन, गुडघ्याखाली, आणि वरती काहीच नाही. ना बाही, ना पट्टी. व्हिडिओतली बाई म्हणत होती की हा अगदी सोपा आहे, एका दुपारीत होतो. ती बाई एकटी राहत असावी. तिच्या दुपारीत कुणी प्रश्न विचारायला येत नव्हतं.

"कामून?" आईनं विचारलं.

"मला घालायचाय."

"अन् ते?"

"दिसंल."

आईनं कात्री खाली ठेवली. "तुझं तर जमंना, आता तिचं जमलेलं मोडतीस व्हय? रेणापूरच्या लोकांनी बघितलं तर म्हणतील, नवरीच्या घरात हाय. मांडवातून उठून जातील ते."

ती उगाच घाबरत नव्हती. माझी स्वतःची पाच स्थळं 'पत्रिका जुळत नाही' म्हणून परत गेली होती. त्यांतल्या दोघांनी तर पत्रिका मागितलीही नव्हती, पण आईला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मी मामेबहिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "घाल की. मोडलं तर सुटले मी." ती चेष्टा करत होती. मी ती परवानगी धरून चालले.

शेवटी तह झाला. झगा आई शिवणार, पण वरून त्याच रंगाचं, आतून आस्तर लावलेलं, लांब बाह्यांचं जॅकेट घालायचं आणि ते क्षणभरही काढायचं नाही. मी आईच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी खोटं बोलत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

पहिल्याच दिवशी काम अडलं. आईनं टेप उचलली आणि सवयीनं माझ्या खांद्यावर ठेवली. तिला येणारं प्रत्येक माप तिथूनच सुरू व्हायचं. खांद्यापासून उंची, खांद्यापासून टक्स, खांद्यापासून बाही. इथं खांदाच नाही म्हटल्यावर ती टेप धरून नुसती उभी राहिली. मी म्हटलं, नुसते घेर घे, छातीचा, त्याखालचा आणि कमरेचा. तिनं ते घेतले, वहीत लिहिले, आणि कापताना हाताच्या ओघात दोन्ही बाजूंना बाही जोडायची मुंढ्याची छान गोलाई कापून मोकळी झाली. अर्धा मीटर सॅटिन वाया गेलं. बाही नसलेला कपडा तिला कापताच येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुढच्या भागात ताठपणा हवा म्हणून व्हिडिओतली बाई कसल्यातरी खास काड्या घालायला सांगत होती. त्या नांदेडात मिळाल्या नाहीत. आम्ही कूलरच्या खोक्याला बांधून आलेली प्लास्टिकची पट्टी कापली, टोकं मेणबत्तीवर गोल केली आणि आस्तरात शिवून टाकली. कच्ची टीप मारून झगा घातला तेव्हा तो दोन मिनिटं टिकला. मी हात वर केला आणि तो खाली आला.

आईला फार आनंद झाला. "बघ, देवालाच मंजूर न्हाई."

मग आम्ही वरचा काठ घट्ट केला. आणखी घट्ट केला. त्यात इलॅस्टिक ओवलं. मला श्वास घेता येईना, तरी झगा आपला खालीच. दोनदा उसवून सॅटिनवर सुईची भोकं दिसायला लागली, आणि मी चिडून रडले.

तिसऱ्या दिवशी आई धुणं वाळत घालत होती. ओला परकर हातात घेऊन ती तशीच आत आली.

"अगं, परकर काय खांद्यावर टिकतो व्हय?" ती म्हणाली. "अख्खी साडी पेलतो तो. तू वरून कामून आवळून राहिलीस? कमरेला धर."

तिनं झग्याच्या आत कमरेवर एक जाड पट्टी चार ठिकाणी टाचली, तिला मागं तीन हुक लावले आणि वरचा काठ चक्क सैल केला. मी हात वर केले, वाकले, उड्या मारल्या. झगा जागचा हलला नाही. आई माझ्याभोवती फिरून फिरून बघत होती. तेवढा वेळ ती 'ते' साफ विसरली होती, आणि मला तिचं फार कौतुक वाटलं. मग तिला आठवलं आणि ती जॅकेटच्या बाह्या कापायला बसली.

लातूरच्या लॉनवर कॉकटेल म्हणून जलजिऱ्याच्या ग्लासात कागदी छत्र्या खोचून दिल्या होत्या. पुरुषमंडळी अधूनमधून गाडीच्या डिकीत काहीतरी शोधायला जात होती आणि खूश होऊन परत येत होती. बायकांनी वेस्टर्न घातलं होतं, म्हणजे गाऊन, त्यावर ओढणी आणि त्यावर लक्ष्मीहार. जॅकेट मी मामाच्या घरी उशीखाली ठेवून आले होते.

आईनं मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. ओरडायची सोय नव्हती. ती येऊन माझ्या डाव्या बाजूला चिकटून उभी राहिली. मी वळले की ती वळायची. अर्धा तास आम्ही दोघी अशा फिरत होतो, आणि मला हसू येत होतं. तेवढ्यात मामी आली.

"वा! लई झकास शिवलाय, वन्सं." मग तिनं आईला जरा बाजूला सारून सरळ माझ्या खांद्याकडे बघितलं. "वाढलं न्हाई की गं. लहानपणी होतं तेवढंच हाय कोड."

"हळू बोल," आई म्हणाली. "रेणापूरचे ऐकतील."

"त्यांना तर बोलणीच्या दिवशीच सांगितलं. मागून कटकट नको. म्हटलं, नणंदेच्या पोरीला हाय, पण ते तिच्या बापाच्या घराण्यातलं, आमच्या रक्तात न्हाई. ते म्हणाले, मग आमची काय हरकत न्हाई."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? उन्हाळ्यात यायची तवा तुम्ही दुपारी झोपल्या की ही पोरांसंगं हौदात उतरायची. ओले कपडे मीच बदलत होते. सगळ्यांनाच ठाऊक हाय, वन्सं."

"मग मला कामून बोलली न्हाईस कधी?"

मामी खरंच विचारात पडली. "तुम्ही एवढं मन लावून झाकून राहिल्या होत्या," ती म्हणाली, "मग आम्ही बी दिसलं न्हाई असंच केलं." आणि ती जलजिरा संपला का बघायला गेली.

मी बंड करायला आले होते, आणि माझा डाग माझ्याआधी रेणापूरला जाऊन चहापोहे घेऊन आला होता. कुणी वळूनही बघत नव्हतं. मला मामीचा राग आला, त्या पाच घरांचा आला, पण सगळ्यात जास्त आईचा आला. लग्न उरकेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. लग्न अगदी व्यवस्थित पार पडलं.

परत येताना एस.टी.त आम्ही शेजारी बसलो होतो. अहमदपूर गेल्यावर आई पहिल्यांदा बोलली.

"चौथीत तुला गॅदरिंगच्या नाचात घेतलं होतं."

"हो. पण मला ताप आला होता."

"ताप न्हवता," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्या फ्रॉकला बाह्या न्हवत्या."

तो ताप मला चांगला आठवतो. मी दोन दिवस गोधडीत होते, आई कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती, आणि मला खरंच थंडी वाजत होती.