उष्ट्या हळदीच्या मागे दहा कोस

पुण्यात आमच्या आळीत मला 'चालणारे मास्तर' म्हणतात. शाळेत मी चित्रकला शिकवतो. पण दर रविवारी सिंहगडावर जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परततो, ही गोष्ट माझ्या चित्रांपेक्षा जास्त लोकांना माहीत आहे. गेल्या वैशाखात शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी जाहीर केलं की पोलादपूरच्या बाजूनं डोंगर चढायचा आणि आडवाटेनं शिवथरच्या खोऱ्यात उतरायचं, तेही एका दिवसात. नकाशावर हे अंतर दोन बोटं भरत होतं. मित्रांनी विचारलं, "सोबत कोण?" मी म्हणालो, "माझ्या चालीला सोबत मिळणार कुठून?" असं बोलून मी निघालो.

पुण्याहून भोरमार्गे सर्व्हिस मोटर वरंधा घाट उतरून महाडला जाते. भाडं लिहीत नाही, कारण ते ड्रायव्हरच्या मनावर असतं. घाटात दोन ठिकाणी सगळ्यांना उतरून चालावं लागलं आणि त्यात मी पहिला आलो, याचा मला आनंद झाला. महाडात चार आण्यांत पोटभर जेवण मिळतं. आमटी तिखट असते, ताक मागितल्याशिवाय देत नाहीत. तिथून पोलादपूरपर्यंत बैलगाडी आणि पुढे सावित्रीच्या काठानं कापडे गावापर्यंत पायी. उन्हाळ्यात भाताची खाचरं कोरडी असतात, त्यामुळे बांधावरून सरळ जाता येतं. कापड्याला शाळेच्या ओसरीवर पथारी टाकली. तिथल्या मास्तरांनी सांगितलं, "वाटाड्याशिवाय जाऊ नका. वरच्या वाडीत कोणीही येईल."

पहाटे चढून वाडीत पोचलो तर वाडीत कोणीही नव्हतं. दहा-बारा घरं, सगळ्यांना कड्या. एका घरासमोर मांडव होता आणि त्यात दोन बायका वर बघत उभ्या होत्या. आढ्याला एक शिंकं टांगलेलं होतं, शिंक्यात पितळेचा गडू होता, गडूचं तोंड फडक्यानं बांधलेलं होतं.

"वन्सं, आता काय गो करायचं?" तिशीतली बाई म्हणाली.

"शिंकं टांगलं मीच ना?" पन्नाशी उलटलेली बाई म्हणाली. "आता मीच बघते."

दोघींचं बोलणं ऐकून मला प्रकार कळला तो असा. त्या घरच्या मुलाचं लग्न त्याच दिवशी, गोरज मुहूर्तावर, शिवथरच्या खोऱ्यातल्या एका गावी होतं. त्या गावाचं नाव सांगणार नाही. नवऱ्या मुलाला हळद लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे न्यायची असते आणि ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. या वाडीचा आणखी एक नेम आहे. एकदा भरलेला गडू नवरीच्या दारात पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. म्हणून आदल्या दिवशी मुलाच्या आत्यानं त्यासाठी शिंकं नीट, उंच, कोणाचा धक्का लागणार नाही असं आढ्याला टांगलं. मग वऱ्हाड गाड्या जुंपून महाडच्या लांबच्या वाटेनं गेलं आणि गडू तितकाच नीट तिथेच राहिला.

आत्याचं नाव सोना. तरुण बाई रखमा, म्हणजे मुलाची काकी. गाभण म्हशीसाठी त्या दोघी मागे राहिल्या होत्या. तसं म्हशीपाशी एकटी रखमा पुरली असती. पण सोनाआत्या विधवा होती आणि हळदीच्या घरात विधवेनं पुढे पुढे करायचं नसतं, म्हणून तिनं आपणहूनच राहते म्हणून सांगितलं होतं. मुलाची आई तो तान्हा असतानाच गेली. त्याला वाढवलं या आत्यानं. लग्न ठरल्यापासून ती मांडवात एकदाच शिरली होती, रिकामं शिंकं टांगायला. गडू त्यात रखमेनं ठेवला होता. आज मुहूर्त चुकला तर नवरीकडची माणसं अपशकुन म्हणणार आणि अपशकुन कोणाचा, हे शोधायला त्यांना फार लांब जावं लागणार नव्हतं.

रखमेनं शिंकं सोडवून गडू दोन्ही हातांत घेतला. तिला डोंगरवाट माहीत नव्हती. सोनाआत्याला ती पाठ होती, पण तिला गडूला हात लावता येत नव्हता. म्हणून दोघींनी जायचं ठरलं. म्हशीला भरपूर वैरण टाकली. सोनाआत्यानं डोक्यावर चार पायल्या तांदूळ घेतले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"एवीतेवी जाताव तर रिकामं कशाला जायचं?"

मी म्हणालो, मीही तिकडेच निघालोय, मला वाट दाखवा. आत्यानं माझे बूट बघितले, काठी बघितली, पाण्याची बाटली बघितली. "या मागनं," ती म्हणाली. "पण आम्ही थांबणार नाय हां, मास्तर."

त्या खरोखरच थांबल्या नाहीत. डोंगराच्या पहिल्या धारेपर्यंतचा चढ मी माझ्या सिंहगडाच्या चालीनं चढलो आणि वर पोचलो तेव्हा त्या पलीकडच्या उतारावर मध्यापर्यंत गेल्या होत्या. मी धावलो. जवळ गेल्यावर पाहिलं तर दोघी एका नात्यातल्या बाईच्या तीन म्हशींविषयी बोलत होत्या. आवाजात धाप नव्हती. माझ्या आवाजात इतकी होती की "किती राहिलं?" हे दोन शब्द मला दोन हप्त्यांत विचारावे लागले.

"अजून सुरुवात कुठं झालीय?" रखमा म्हणाली.

या वाटेनं जाणाऱ्यांसाठी सांगतो. दोन मोठ्या धारा ओलांडाव्या लागतात. मधल्या ओढ्याच्या पात्रात वैशाखातही एका खडकाखाली पाणी असतं. करवंदं भरपूर असतात. सावली नसते. मी वहीत चित्रं काढायची ठरवलं होतं, त्यातलं एकच काढून झालं आणि ते दोन ठिपक्यांचं आहे.

ओढ्यावर मी पालथा पडून पाणी प्यायलो. आत्यानं द्रोणात पाणी भरून रखमेच्या तोंडाला लावलं, कारण रखमेचे हात गडूला होते. भाकरीही तिनंच घास करून भरवली. हे सगळं चालता चालता झालं. मी म्हणालो, "पाच मिनिटं बसा ना. गडू त्या फांदीला टांगता येईल. जमिनीला टेकणार नाही."

"एकदा टांगून बघितला की," सोनाआत्या म्हणाली.

दुपार कलली तेव्हा दुसरी धार ओलांडून आम्ही खोऱ्यात उतरायला लागलो. खाली गाव दिसत होतं, पण वाट फिरून फिरून जात होती. तिथे मुरमावरून रखमेचा पाय घसरला. ती पडली ती सरळ बुडावरच पडली, पण दोन्ही हात वर होते आणि हातांत गडू होता. सोनाआत्या डोक्यावरच्या ओझ्यासकट वळली, झेपावली, आणि तिचे हात गडूपासून वीतभर अंतरावर थांबले. हात तसेच हवेत राहिले. चालण्यात ही बाई कुठेही अडलेली मी दिवसभरात पाहिली नव्हती. मला ते बघवेना.

रखमेचा घोटा बघता बघता सुजला. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"मी पुरुषमाणूस," मी म्हणालो. "मला चालेल का?"

"बायको हाय ना घरी? जिती?" आत्यानं विचारलं.

"आहे."

"मग झालं."

मी काही न करता पात्र ठरलो होतो. रखमेनं गडू माझ्या हातांत दिला आणि माझी काठी घेतली. "तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली, "मी येते हळूहळू." आत्यानं माझी पिशवीही तांदळावर चढवली.

दिवस दोन कासरे वर होता. मी जितकं जमेल तितकं भरभर चाललो. हातांत गडू असला की पाय कुठे पडतो ते दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. रखमा सकाळपासून तशीच चालत आली होती. आत्या पुढे जायची, थांबायची, मागे बघायची, मग सूर्याकडे बघायची.  तिसऱ्यांदा ती तशी थांबली तेव्हा दिवस कासराभरच उरला होता आणि माझ्या पायांत गोळे आले होते. माझी मला लाज वाटली.

"आत्याबाई," मी म्हणालो, "हा तुम्ही घ्या."

"मला नाय चालत."

"माझ्यानं मुहूर्त गाठवणार नाही. तुमच्यानं होईल. पोराला कोणी वाढवलं?"

"ते येगळं."

"इथं बघायला मी आहे आणि डोंगर आहे. मी कोणाला सांगणार नाही."

ती खूप वेळ उभी राहिली असं मला वाटलं, पण दिवस फारसा हलला नव्हता. मग तिनं डोक्यावरचं ओझं त्या दिवसात पहिल्यांदा खाली ठेवलं. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "द्या," ती म्हणाली. गडू घेऊन छातीशी धरला आणि ती गेली. चाल म्हणून मी जे काही सकाळपासून पाहत होतो ती रखमेला सांभाळून घेतलेली चाल होती, हे मला तेव्हा कळलं. दोन वळणांत ती दिसेनाशी झाली.

तांदूळ उचलून बघितले. उचलवले नाहीत. करवंदीच्या जाळीत लपवून, पिशवी घेऊन मी लंगडत निघालो.

गावाच्या वेशीबाहेर ओढ्याशी ती उभी होती. गडू अजून छातीशी होता. कधीची आली होती कोण जाणे, तिच्या कपाळावरचा घामसुद्धा वाळला होता. "आलात? घ्या," म्हणून तिनं गडू माझ्या हातांत दिला. मी म्हणालो, आत्याबाई, तुम्हीच न्या. ती म्हणाली, "पोराचं लगीन लागू दे, मास्तर." फडक्यातून हळद झिरपून तिचे तळवे पिवळे झाले होते. तिनं ओढ्यात हात घासले, वाळूनं घासले. हळद गेली नाही. मग तिनं हात पदराखाली घेतले आणि ती माझ्यामागून चालू लागली. अख्ख्या दिवसात मी तिच्या पुढे होतो तो एवढाच वेळ.

मांडवात रडारड चालली होती. गडू दिसताच वाजंत्री वाजायला लागली. नवरीला हळद लागली, घाईघाईनं न्हाऊ घातली आणि गोरजेला अक्षता पडल्या. रखमा सुजलेल्या पायानं माझ्यामागून पोचली ती अक्षतांच्याही आधी. मुलाच्या चुलत्यांनी मला पाटावर बसवलं, डोक्याला फेटा बांधला आणि मोठ्यानं सांगितलं, "या पुण्याच्या मास्तरांनी गडू आणला. ह्यांच्या पायांत वारा हाय!" लोक माझे पाय बघायला लागले. मी सोनाआत्याकडे पाहिलं. ती गोठ्याच्या भिंतीशी बसली होती. तिनं मान हलवून मला नको म्हणून सांगितलं. मी वचन दिलं होतं, गप्प बसलो. इतकं वाईट मला माझ्या कौतुकात कधी वाटलं नव्हतं.

नवरानवरी पाया पडायला गोठ्याकडे आली, तेव्हा आत्यानं दोघांच्या डोक्यावर हात ठेवले, पण पदरातूनच.

दुसऱ्या दिवशी एक गडी जाऊन तांदूळ घेऊन आला. निघताना मी सोनाआत्याला विचारलं की हे मी कधी लिहू का. ती म्हणाली, "गावाचं नाव नका घालू. बाकी काय, आमच्यात कोण वाचतंय?" शिवथरच्या खोऱ्यातून माझेरीला सडकेवर यावं, तिथे वरंधा घाट चढणारी मोटर मिळते. मी बसूनच आलो. घाटात उतरायला लावलं तेव्हा शेवटचा आलो.

घरी जेवताना सगळं सांगितलं. बायको हसली, मुलं हसली, फेटा सगळ्यांनी घालून पाहिला. माझी थोरली बहीण, अक्का, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकत होती. ती एकोणिसाव्या वर्षी आमच्याकडे परत आली, त्याला पंचवीस वर्षं झाली. घरातल्या प्रत्येक कार्यात पहाटेपासून रांधते आणि मंगलाष्टकं आतूनच ऐकते. मी ते दर वेळी पाहत होतो आणि कधी पाहिलं नव्हतं. सगळे उठल्यावर तिनं एवढंच विचारलं, "गडू तिनं धरला कसा होता रे? डोक्यावर, की हातांत?"

"हातांत. छातीशी."

"हं," अक्का म्हणाली आणि ताटं गोळा करायला लागली.

मार्गशीर्षात पुतणीचं लग्न आहे. हळद कुटायला कोणाकोणाला बोलवायचं, त्याची यादी बायकोनं करून ठेवली आहे. काल मी त्यात सर्वांत वर अक्काचं नाव लिहिलं. बायकोनं यादी वाचली, बराच वेळ हातात धरली आणि परत जागेवर ठेवली. आज सकाळी पाहिलं, नाव खोडलेलं नव्हतं.