कृपया सभ्य भाषा वापरा

‘महार’ ही शिवी आहे, असं मला सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायला लावलं.

सीमाभागातल्या नौबादमध्ये खाली टाइल्सचं दुकान आणि वर आमच्या कंपनीचा हॉल. एरवी आम्ही सगळ्या मुली कानाला हेडफोन लावून आपापल्या स्क्रीनसमोर बसलेल्या असायचो. त्या दिवशी हेडफोन काढून भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं. भिंतीवर माझी स्क्रीन मोठी करून लावली होती. पुण्याहून आलेल्या मॅडम शेजारी उभ्या होत्या.

त्यांनी स्पीकरवर एक क्लिप लावली. एका वयस्कर बाईचा आवाज. औरादकडची, खेड्यातली बोली. पहिल्याच वाक्याला हॉलमध्ये खुसखुस सुरू झाली.

“अग्गो, बसमधी जागेसाठी भांडणारी मावशी व्हय की ही!” शिवलीला मागून म्हणाली. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर काम करायची. सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या, अगदी मोकळं.

त्या हशात तो शब्द येऊन गेला होता. मॅडमनी क्लिप थांबवली.

“ही क्लिप हिरवी कुणी केली?”

मी हात वर केला. अर्धाच.

“इथं कुठला शब्द आहे? तुझ्या तर घरची भाषा मराठी आहे. म्हण.”

“महार.”

“कुठल्या खान्यात जातो?”

मी काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं. मागच्यांनाही कळू दे.”

“शिवी.”

“गुड. आता दुरुस्त कर.”

मी जागेवर जाऊन माऊस धरला. भिंतीवर माझा बाण सगळ्यांना दिसत होता. तो लाल बटणाजवळ घुटमळला.

“दाब की ग. काय पुळका आलाय का तुला?” शिवलीला.

पुन्हा हशा. मी दाबलं. क्लिप गेली.

त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं की मी त्याच जातीची आहे.

ठाऊक होऊ नये म्हणूनच मी जगत होते. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. आम्ही बौद्ध. घरातल्या पुढच्या खोलीतले फोटो पाहिले की कुणालाही कळेल, म्हणून मी मैत्रिणींना घरी बोलावत नसे. अप्पा बस डेपोत मेकॅनिक. त्यांनी मला इंग्लिश शाळेत घातलं. घरी मराठी, गल्लीत कानडी, बाजारात दखनी उर्दू, शाळेत इंग्लिश. चार भाषा येतात आणि एकीतही तोंड उघडत नाही, अशी मी मुलगी. बोललं की घर दिसतं, हे मला फार लवकर कळलं होतं. डब्यात काय आहे विचारलं की मी झाकण अर्धंच उघडायची.

ऐकायला मात्र मला जमतं. म्हणून ही नोकरी मिळाली. मराठीत प्रश्न विचारला की मराठीत उत्तर देणारं एक मशीन तयार होत होतं. त्याला भाषा शिकवायला गावोगावच्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून आणलेलं असायचं. आम्ही ते ऐकायचं, जसंच्या तसं लिहायचं आणि मग दोनपैकी एका खान्यात टाकायचं. हिरवा म्हणजे स्वच्छ. लाल म्हणजे घाण. लाल झालेलं मशीनपर्यंत पोचत नाही. मशीनसाठी ते कुणी बोललेलंच नसतं.

शिव्यांच्या यादीत आमच्या जातीचं नाव होतं. आणखी बऱ्याच जातींची होती. सगळी आमच्यासारख्यांचीच. वरच्या एकाही जातीचं नाव त्या यादीत नव्हतं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर तोच शब्द छापलेला आहे. तिथं तो शिवी नाही.

हा शब्द शिवीसारखा वापरतात, हे मला कुणी शिकवायला नको. मी तो तसा ऐकलाय. पाठीमागून, खालच्या आवाजात, हसत. तसं बोलणं लाल व्हायलाच पाहिजे. पण ती बाई कुणाला शिवी देत नव्हती. ती आपलं सांगत होती.

तिला कुणीतरी म्हटलं असावं, लहानपणची आठवण सांगा. आणि ती सांगत होती:

“आमी महाराची पोरं. गावात नवी गिरणी आलती, लाइटीवरली. सगळ्यांचं दळान झाल्यावर आमचं घ्यायचे. आमी डबे घिऊन भाईर चिचेखाली बसायचो. मदीच लाइट गेली की संपलं. जवारी तशीच डोक्यावर घिऊन घरला. आय म्हनायची, चला, आज बी कण्या. गिरणीवाल्याला माजं नाव ठावं व्हतं, पर तेनं कदी घेतलं न्हाई. ए महारीन, डबा तिकडं ठिव, असंच. एकदा काय झालं, पाटलाच्या दळनातच लाइट गेली. मंग पाटलीन बी चिचेखाली यिऊन बसली. लांबच बसली, पर झाड तेच की! मला लई आनंद झाला बगा.”

इथं ती हसली. दम लागेपर्यंत हसली. हसण्यासाठी आमच्याकडं एक खूण होती. मी ती खूण टाकली.

मग तिनं विचारलं, “ह्ये ऱ्हाईल का वं मशिनीत?”

रेकॉर्ड करणाऱ्या मुलीचा आवाज आला, “राहील की अक्का. कायमचं राहील.”

“मंग बरं हाय. माजी नातवंडं इस्वासच ठिवत न्हाईत.”

क्लिप संपली. ती मी हिरवी केली होती. ती चूक म्हणून भिंतीवर लागली.

त्याच आठवड्यात दुसरी एक क्लिप माझ्याकडं आली होती. बाई शहरातली. आवाज गोड, प्रत्येक अक्षर कोरून काढल्यासारखं. ती सांगत होती, “घर भाड्यानं देताना मी आधी आडनाव विचारते. त्यावरून सगळं कळतं. नंतर कटकट नको. ज्यांचं त्यांनी त्यांच्या वस्तीत राहावं, त्यात वाईट काय आहे?” मी पुन्हा पुन्हा ऐकली. यादीतला एकही शब्द नव्हता. नियमानं ती हिरवीच होती. ती हिरवी गेली, आणि ती कुणीही भिंतीवर लावली नाही.

त्या संध्याकाळी मी अप्पांना सांगितलं. ते परसात साबणानं हातातलं ग्रीस काढत होते.

“कुठली व्हती बाई?” त्यांनी विचारलं.

“औरादकडची वाटली.”

“चिंताकीत बी गिरणी व्हती,” अप्पा म्हणाले. चिंताकी आमचं मूळ गाव. मी वाट पाहिली. त्यांनी हात पुन्हा धुतले, स्वच्छ झालेले हात.

मग म्हणाले, “कामून त्या नावाच्या मागं लागायलीस? माझ्या बापानं ते टाकलं. आपण बौद्ध झालो. टाकलेली वस्तू हाय ती. मशीन बी टाकायलं तर टाकू दे की.”

“अप्पा, ती बाई...”

“तुला इंग्लिश शाळेत कशाला घातलं? एसीत बसून काम कर, गप ऱ्हा. तुझ्या तोंडाकडं बघून कुणाला कळत न्हाई. किती मोठं हाय ते, तुला न्हाई कळणार.”

मला उत्तर उशिरा सुचतं. आजोबांनी ते नाव टाकलं, तेव्हा त्यांनी स्वतः टाकलं. मान वर करून टाकलं. इथं तिच्या तोंडातून ते दुसऱ्यानं काढून घेतलं होतं, आणि नावाबरोबर गिरणी गेली, चिंचेचं झाड गेलं, तिची आई गेली, ते हसणं गेलं. राहिली ती घर भाड्यानं देणारी बाई.

दुसऱ्या दिवशी मॅडम पुण्याला निघायच्या आत मी धीर करून त्यांच्याकडं गेले. म्हटलं, तिसरा खाना करता येईल का? माणूस स्वतःबद्दल बोलत असेल, तर त्यासाठी?

“क्लायंटला दोनच खाने हवेत,” मॅडम म्हणाल्या. चिडल्या नाहीत. त्या कधीच चिडत नसत. “आणि आपण हे त्याच लोकांसाठी करतोय ना? हा शब्द कुणाच्या डोळ्यांसमोर येऊच नये.”

“त्या बाईला विचारलं का?”

“कुणाला?”

“क्लिपमधल्या.”

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग आवाज खाली आणला, जसा आजारपण विचारताना आणतात.

“तू त्यांच्यातली आहेस का गं? सांग ना, काही प्रॉब्लेम नाही. उलट बरंच आहे, आपल्याला रिपोर्टमध्ये दाखवता येईल.”

“नाही,” मी म्हणाले.

शिवलीलाच्या हसण्यापेक्षा, भिंतीवरच्या बाणापेक्षा हे ‘नाही’ मला जास्त लागलं. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. खाली दुकानात कुणीतरी टाइल कापत होतं. तो आवाज थांबेपर्यंत मी तिथंच होते.

काही महिन्यांनी मॅडम परत आल्या. मशीन बोलायला लागलं होतं. सगळ्यांना बर्फी वाटली. भिंतीवर ते मशीन लावलं आणि म्हणाल्या, तुमच्याच मेहनतीचं आहे, विचारा काहीही.

शिवलीलानं टाइप केलं, माझं लग्न कधी होईल? मशीन अदबीनं म्हणालं, भविष्य सांगता येत नाही, पण आपल्याला शुभेच्छा. “माझ्या आत्यापेक्षा बरं बोलायलंय बया!” शिवलीला म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. मग कीबोर्ड माझ्याकडं आला.

मी ठरवून काही केलं नाही. हात चालला. भिंतीवर अक्षरं उमटत गेली.

‘आम्ही महार. पूर्वी गिरणीत आमचं दळण शेवटी का घ्यायचे?’

मशीननं क्षणभरही विचार केला नाही.

‘आपल्या प्रश्नात आक्षेपार्ह शब्द आहे. कृपया सभ्य भाषा वापरा.’

सगळ्या भिंतीकडं बघत होत्या. मशीनच्या उत्तराकडं नाही. ‘आम्ही’ या शब्दाकडं.

तरी मी पुढं टाइप केलं. ‘घर भाड्यानं द्यायचं आहे. काय बघावं?’

मशीन गोड बोललं. करार करावा. ओळखपत्र घ्यावं. आडनाव, मूळ गाव आणि खाणंपिणं आधी विचारून घ्यावं, म्हणजे पुढं कटकट होत नाही.

कटकट. शब्दसुद्धा त्या बाईचाच होता. तिचं मशीनमध्ये राहिलं होतं. कायमचं.

“अगं,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “मागे विचारलं तेव्हा सांगायचंस ना.”

“सांगितलं असतं तर ती क्लिप ठेवली असती?”

त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं म्हणेन. “रूल सगळ्यांना सारखा असतो,” म्हणाल्या. “मनाला लावून घेऊ नकोस. कामाला बस.”

मी जागेवर बसले. हेडफोन लावले. पुढची क्लिप होती एका पुरुषाची, आवाज थकलेला. तो आपल्या वडिलांविषयी सांगत होता. दुसऱ्याच वाक्यात तो शब्द आला. खाली दोन बटणं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि उभी राहिले. मोठ्यानं म्हणाले, मागच्यांनाही कळेल असं.

“मी हे दाबणार नाही. लाल नाही, हिरवंही नाही. आधी ह्या माणसाला विचारा, तुझं बोलणं आम्ही फेकायलोय, चालेल का? त्या बाईलाही विचारा. तिला राहील म्हणून सांगितलंय.”

“कुणी सांगितलं?” मॅडम म्हणाल्या.

“आपण.”

दुपारी शिवलीलानं डबा दुसरीकडं उघडला. जाताना जिन्यात मला गाठून म्हणाली, “आधी सांगायचं न्हाई व्हय? मी तसं बोलले नसते.” तिचे डोळे भरले होते. माझ्याजवळ तिला द्यायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं लॉगिन चाललं नाही.

मी पुण्याला लिहिलं, ती क्लिप परत काढा. उत्तर आलं, लाल झालेला मजकूर ठेवला जात नाही. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. क्लिपला फक्त नंबर होता. ती आपल्या नातवंडांना सांगत असेल, माजं मशिनीत हाय, जाऊन इचारा. आणि एखाद्या नातवानं खरंच विचारलं, तर मशीन त्याला म्हणेल, कृपया सभ्य भाषा वापरा. हे माझ्या मनातून जात नाही. ते लाल बटण तिच्यावर माझ्याच हातानं दाबलं गेलं, हेही जात नाही.

अप्पा माझ्याशी फारसं बोलत नाहीत. एकदाच जेवताना म्हणाले, “ती पाटलीण खरंच चिचेखाली बसली म्हणली?” मी म्हटलं, व्हय. ते हसले नाहीत. भाकरी तशीच हातात धरून बसले.

नोकरी लागली तेव्हा माझ्याकडून सही घेतली होती, की इथं ऐकलेलं काही बाहेर सांगणार नाही. म्हणजे दोन शब्द दिले गेले होते. एक मी कंपनीला, सहीनं. एक कंपनीनं त्या बाईला, तोंडानं. त्यांनी आपला मोडला, आणि कुणी त्यांना जाब विचारला नाही. मी माझा मोडते आहे. मला विचारतील. विचारू देत.

तिचं बोलणं मी ऐकून लिहिलं होतं, म्हणून ते मला पाठ आहे. ते वर लिहिलंय, तिच्या बोलीत, एकही शब्द न काढता. दुसरी नोकरी मिळेल, तीही बहुधा मशीन शिकवायचीच. मला येणारं काम तेच आहे. तिथं पहिल्या दिवशी मी माझं नाव सांगेन, जात सांगेन, आणि विचारेन की ज्यांचं बोलणं आणलंय, त्यांना काय सांगून आणलंय. उत्तर मिळेपर्यंत मी एकही बटण दाबणार नाही.