खडकाचा विसावा

कोलीन आयर्लंडच्या पश्चिमेला आमच्या कॉनमाऱ्याच्या किनाऱ्यावर साठ वर्षं समुद्राचं शेवाळ कापत आला. ओहोटीला खडकांवर उतरायचं, विळ्याने कापायचं, कापलेल्याचा दोरखंडाने मोठा गोल भारा बांधायचा आणि भरतीने तो उचलला की होडीमागे ओढत घरी न्यायचा. भारा बांधायला दोघं लागतात. एक दाबतो, दुसरा आवळतो. कोलीनचा दुसरा म्हणजे धाकटा भाऊ फेहीन. पण ते एकतीस वर्षांपूर्वीपर्यंत. पुढे कोलीन एकट्याने लहान लहान भारे बांधू लागला. दोघांच्या घरांमध्ये दगडी कुंपण एकच, पण एकमेकांचं तोंड पाहायचं नाही.

भांडण एका खडकावरून झालं. आमच्याकडे शेवाळ मुळापासून खरवडत नाहीत. वीतभर ठेवून कापतात आणि मग चार वर्षं त्या खडकाला हात लावत नाहीत. त्याला या दोघांचा बाप ‘खडकाचा विसावा’ म्हणायचा. टोकाच्या खडकाच्या विसाव्याचं तेव्हा दुसरंच वर्ष होतं. फेहीन तापाने अंथरुणात, लांबच्या खडकापर्यंत जायचा कोलीनला कंटाळा, म्हणून त्याने टोकाचा खडक मुळापर्यंत तासला. फेहीन उठला तेव्हा तो खडक उघडा दिसला.

“बापाने जपलेला खडक ओरबाडलास,” तो म्हणाला.

कोलीनने ‘चुकलं माझं’ म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण हा म्हणाला, “बाप काय तुझ्या एकट्याचा होता?” त्यानंतर त्या खडकावर दोघांपैकी कोणीच उतरलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता.

गेल्या हिवाळ्यात डब्लिनहून सायव नावाची मुलगी आली. निसर्गाचे, हवापाण्याचे आयरिश शब्द गोळा करायचे आणि समोर इंग्रजी प्रतिशब्द लिहायचे, हे तिचं काम. कोलीनच्या चुलीपाशी बसून चहा पीत ती विचारायची आणि हा सांगत सुटायचा. किती वर्षांनी कोणी त्याला काही विचारत होतं.

“जैवविविधतेला तुम्ही काय म्हणता?” तिने एकदा विचारलं.

“म्हणतोय कशाला? ती होती तेव्हा तिला नाव लागत नव्हतं. तुम्ही लोक माणूस मेल्यावर बारसं करता, पोरी.”

तिच्या कचेरीचा नियम कडक होता. प्रत्येक जुन्या शब्दाला दोन जाणती माणसं हवीत. दोघांनी स्वतंत्रपणे सांगायचं, तो शब्द वापरून एकेक वाक्य द्यायचं, आणि एकाचं नाव दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. कोलीनने ‘खडकाचा विसावा’ सांगितला तेव्हा तिचे डोळे चमकले.

“हा आणखी कोणाला ठाऊक असेल?”

कोलीनने खिडकीतून पाहिलं. कुंपणापलीकडे फेहीनच्या धुराड्यातून धूर निघत होता.

“कोणाला नाही,” तो म्हणाला. “माहीत असणारे सगळे मेले.”

हे वाक्य त्याला आतून खात राहिलं. जिवंत भावाला आपण मारलं. उद्या जातो, म्हणायचा. पोरीला साक्षीदार हवाय, हे निमित्त चांगलं आहे. उद्या वारा असायचा, परवा पाय दुखायचा. ईस्टर झाला आणि पुढच्याच आठवड्यात फेहीन आपल्या अंगणात सरपण उचलता उचलता कोसळला आणि गेला. कोलीन त्याच्या उशाशी गुडघे टेकून बसला. फेहीनच्या बायकोने, नाब्लाने, त्याच्या हातात चहाचा कप दिला. तो त्याने तसाच थंड होऊ दिला.

शरदात सायव छापील यादी घेऊन आली. कोलीनने आपला शब्द शोधला. समोर इंग्रजीचे तीन कोरडे शब्द होते. खाली दिलेलं वाक्य मात्र त्याचं नव्हतं.

‘एकतीस वर्षं झाली खडकाच्या विसाव्याला, आता दोघं उतरले तरी एका ओहोटीत कापून संपायचा नाही.’

“हे कोणी दिलं?” त्याने विचारलं.

“आता नियम मोडते. फेहीननी.”

“कधी?”

“तुम्ही शब्द दिलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दुकानात विचारलं तर कोणीतरी त्यांचं घर दाखवलं.”

“काय म्हणाला?”

“‘पहिल्या माणसाने माझं नाव सांगितलं का?’ असं विचारलं त्यांनी. मी नाही म्हटलं. खोटं कसं सांगू? मग म्हणाले, तरीही वाक्य लिहून घे, तो वाचेल.”

सायव गेल्यावर कोलीनने विळा आणि दोरखंड घेतला आणि टोकाच्या खडकावर उतरला. शेवाळ मांडीपर्यंत वाढलं होतं. वीतभर ठेवून तो दुपारभर कापत राहिला, दोन माणसांचा भारा रचला, दोर घातला, गुडघ्याने दाबला. आवळायला पलीकडे कोणी नव्हतं.

“चुकलं माझं, फेहीन,” तो म्हणाला.

भरती चढू लागली, भारा सुटून पसरायला लागला. दोराचं टोक हातात धरून तो पाणी कमरेला लागेपर्यंत तिथेच उभा राहिला.