बिनतारखेचा तुकडा

जबलपुरात कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा काका आहे. मी आकडा जपून वापरतो. दुसरा सापडला तर दुरुस्ती करीन. काकाजींची सगळी नोकरी संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. समोर आलेली वस्तू खोटी धरायची आणि खरी असल्याचं तिनंच सिद्ध करायचं, ही तिथली रीत. काकाजी निवृत्त झाले, रीत झाली नाही. विजय नगरातल्या त्यांच्या घरी पाहुण्याला चहा मिळतो तो ‘कसं काय येणं केलं?’ याचं समाधानकारक उत्तर दिल्यावर. आमच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांनी भटजींचं मनगट धरून घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं. मुहूर्त त्यांनी पास केला. मला अजून केलेलं नाही.

अशा माणसाच्या दारात एकदा शेजारच्या चौबे अम्मा आल्या. अम्मांना पेन्शन नाही, सरकारी कार्ड नाही, रक्तदाब मात्र आहे. काकाजींना औषधं सरकारी दवाखान्यातून मिळतात. “भैया, अपने कार्ड पे हमाई गोली भी लिखवा लेते,” त्या म्हणाल्या. काकाजींनी साफ नकार दिला, आणि मग त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी मला म्हणाले, “जावईबापू, नियम मी मोडणार नाही. बदलवून घेईन.”

म्हाताऱ्यांना दर महिन्याची औषधं परवडतील असा कायदा आणा, म्हणून विधायकांना, म्हणजे आमच्या आमदारांना, अर्ज द्यायचं ठरलं. “दवाखान्यात भरती झाल्यावर सरकार खर्च करते, अन् भरती होऊ नये म्हणून जे गोळी लागते तिचं कोणी पाहत नाही. काहून?” हे त्यांचं म्हणणं मी सगळ्या बाजूंनी तपासलं, चूक सापडली नाही.

सह्यांसाठी कॉलनीच्या बगीच्यात टेबल मांडलं. सही करणाऱ्यानं स्वतः यायचं, आपल्या गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, दाखवायचा, आणि त्यावर तारीख छापलेली दिसली तरच सही. “नाहीतर म्हणतील, धडधाकट लोकं पकडून आणले.” कापलेले, बिनतारखेचे तुकडे घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांना ते भराभर परत पाठवत होते. मग चौबे अम्मांची पाळी आली. त्यांच्या हातातही तुकडाच.

“अम्मा, इस पे तारीख कहाँ है?”

“तारीख तो दुकान में रह गई, भैया. पूरा पत्ता कौन लेता है? चार गोली लेते हैं, फिर कुछ दिन देखते हैं.”

“देखते हैं मतलब?”

“मतलब चक्कर आया, तो फिर ले लेते हैं.”

काकाजींनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. अर्ज ज्यांच्यासाठी होता, नेमक्या त्यांनाच आपण नापास केलं होतं. ते भर उन्हात उठले आणि परत पाठवलेल्यांची घरं शोधत निघाले. मी मागे. दारोदार “मेरी गलती हुई, साइन कर दीजिए” म्हणताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. एका आजोबांनी मात्र डोळे बारीक करून विचारलं, “इसमें आपका क्या फायदा?” काकाजी खूश झाले. “पहिला शहाणा माणूस भेटला,” जिना उतरताना म्हणाले.

नेपियर टाउनमधल्या कार्यालयात विधायकांनी अर्ज घेतला, पाणी दिलं, आणि म्हणाले, “हो जाएगा, दादा.” बाहेर येताच काकाजींनी निकाल दिला. “‘देखते हैं’ म्हटलं असतं तर थोडी आशा होती. हे तर इतक्यातच करून राहिले!” तेव्हापासून ते दर सोमवारी विचारायला जातात. अजून झालेलं नाही.

अम्मांसोबत ते आता औषधाच्या दुकानातही जातात. पूर्ण पत्ता मी घेऊन देतो म्हणाले, तर अम्मा चिडल्या. तेव्हा काकाजींच्या हाती फक्त कात्रीवरची देखरेख उरली. परवा मी सोबत होतो. “तारीखवाला हिस्सा अम्मा को,” त्यांनी दुकानदाराला बजावलं. त्यानं तसं कापलं, उरलेला तुकडा सुट्या गोळ्यांच्या डब्यात टाकला. अम्मा गोळ्या पदराला बांधून घराकडे वळल्या. मी स्कूटर सुरू केली, पण काकाजी हलेनात.

“चला ना, काकाजी.”

“थांबा, जावईबापू,” डब्यावरची नजर न काढता ते हळूच म्हणाले, “तो तुकडा कोणाच्या घरी जाते, ते तर पाहू द्या.”

मी स्कूटर बंद केली.