बगळ्या खडकावरचा माणूस

माझे सासरे मारोतराव उमरेडच्या विणकराच्या घरातले. हातमाग सोडून ते दीपगृहाच्या खात्यात लागले, तेव्हा त्यांनी समुद्र पाहिलेलासुद्धा नव्हता. नेमणूक झाली ती कोकणकिनाऱ्यापासून समुद्रात बरंच आत, बगळ्या नावाच्या खडकावर. तिथे धक्का नाही. होडीतल्या माणसाला टोपलीत बसवून दोरखंडाने वर ओढून घेत. पावसाळ्यात होडी लागत नसे. मग डाळ-तांदूळ आणि तिथे राहणाऱ्या तिघांच्या गप्पा पुरवून पुरवून वापरायच्या, असं ते सांगतात.

तेव्हा दिवा रॉकेलच्या वाफेवर जळायचा. त्याची कापडाची जाळी एकदा पेटली की राखेसारखी होते, बोट लागलं तरी चुरा. मारोतरावांची बोटं धाग्यांत वाढलेली, त्यामुळे जाळी बांधायचं काम त्यांच्याकडेच आलं. दिवसा काचांना पडदे लावायचे, नाहीतर भिंगातून उन्हाने आग लागायची. पुढे जनरेटर आला, मग सौरऊर्जेचे पत्रे आले आणि माणसांची गरजच संपली. शेवटच्या होडीतून त्यांनी मागे वळून पाहिलं, तर दिवा आपोआप लागला होता. "बरोबर लागला गा, म्हणून तर वाईट वाटलं," असं ते हसत म्हणायचे.

माझी मुलगी प्रणाली हे ऐकतच मोठी झाली. यंदा त्याच खात्यात तिची निवड झाली. अशा खडकांवरच्या दिव्यांच्या देखभालीला होडीने जावं लागतं. मी तोंडाने अभिनंदन केलं आणि मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, स्वयंपाकघरात गाठलं.

"तुमचं ऐकते ती. तिथलं वाईट आहे म्हणून सांगा न तिले."

त्यांनी दाढी खाजवली. "सांगतो, सूनबाई."

रविवारी जेवताना ते म्हणाले, "मी तुले खोटंच सांगत होतो वं, पोरी. मले लय भेव लागे तिथं. टोपलीत बसलो का रडू ये. दिवा दुसरेच सांभाळत."

प्रणाली हसली. मग त्यांच्याकडे नीट पाहून थांबली. "मंग इतके वर्ष फेकून राहिले होते का, आबाजी?"

"हो."

मी समुद्राची भीती घालायला सांगितलं होतं. त्यांनी स्वतःलाच मोडीत काढलं.

प्रणालीने जायचं रद्द केलं. मला हवं ते मिळालं. पण ती त्यांच्या खोलीकडे फिरकेना. मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "आमचे आबाजी तर फेकू निघाले यार." मामाजी दारातच उभे होते. त्यांनी चपला घातल्या आणि भर उन्हात बाहेर पडले.

ते परतल्यावर मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, हे मीच बोलायला लावलं होतं. प्रणालीने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"काहून ऐकलं गा तिचं, आबाजी?"

"तिनं नाही सांगितलं. माह्याच मनात आलं. म्हाताऱ्याले नात जवळ पाहिजे न."

पुन्हा खोटं, आणि पुन्हा माझ्यासाठी. या वेळी ते तिलाही कळलं. ती त्यांच्याजवळ सरकली.

"आता खरं सांगा. मी जाऊ का?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. मला त्यांच्या नजरेला नजर देववेना.

"सांगा, मामाजी," मी खाली पाहूनच म्हटलं.

"जाय," ते म्हणाले.