चूक लिहून ठेवणारे साठमसाहेब

साठमसाहेब गेल्याची बातमी मला बदलापूरच्या बँकेत, पेन्शनच्या रांगेत कळली. आमच्या कोर्टाचे जुने बेलीफ माझ्या पुढेच उभे होते. वळून म्हणाले, "बाई, तुम्हाला कळलं ना? आपले साहेब काल सकाळी गेले. झोपेतच." माझा नंबर आला, पैसे घेतले, सही केली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले... त्या दिवशी अंबरनाथला जायला हवं होतं, पण उठवलंच नाही. गेले ते तीन आठवड्यांनी. तेव्हापासून मनात घोळतंय ते इथं मांडते आहे.

दिगंबर साठम हे काही गाजलेले न्यायाधीश नव्हते. त्यांचं नाव कधी पेपरात आलं नाही. वडील देवगडकडे तलाठी, घरात पाच भावंडं. दिवसा एका गिरणीच्या ऑफिसात कारकुनी करून त्यांनी संध्याकाळच्या वर्गांना बसून वकिली पूर्ण केली, काही वर्षं रत्नागिरीला प्रॅक्टिस केली आणि पस्तिशीच्या आसपास न्यायाधीश झाले. मग यवतमाळ, भोकरदन, पुन्हा कोकण असं फिरत फिरत ते ऐंशीच्या दशकाच्या मध्याला उल्हासनगरच्या कोर्टात बदलून आले. मी तिथं मराठी लघुलेखक होते. मराठीची म्हणून मला फारसं कामच नसे. निकाल इंग्रजीत, साक्षी अर्ध्या हिंदीत, आणि मी आपली नोटिसा टंकत बसायची. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. "पाटणकरबाई, उद्यापासून निकाल मराठीत. ज्याला शिक्षा द्यायची त्याला ती कशासाठी ते तरी समजायला नको का?" त्या दिवसापासून माझी बोटं दुखायला लागली ती ते बदलून जाईपर्यंत.

माणूस तसा तुसडाच वाटायचा. डिक्टेशन देताना येरझाऱ्या घालत. मध्येच एखादा शब्द अडला की माझ्याकडे असे बघत की जणू मीच तो लपवून ठेवलाय. उल्हासनगरचे व्यापारी म्हणजे आग्रहाचे लोक. दिवाळीला मिठाईचे डबे, लग्नाच्या पत्रिका घेऊन माणसं येत. साहेब एक डबा आत घेऊ देत नसत, एका लग्नाला जात नसत. अंबरनाथ पूर्वेला त्यांनी भाड्यानं जागा घेतली होती. तिथं मी एकदा कामानिमित्त गेले तर वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला सोडेनात. "बसा हो थोडा वेळ," म्हणाल्या. "ह्यांच्या नोकरीपायी मला हळदीकुंकवालाही जायची चोरी. कुणाच्या नवऱ्याची केस यांच्यासमोर असेल, सांगता येत नाही म्हणतात." साहेब आतल्या खोलीतून ऐकत होते. पुढच्या महिन्यापासून रविवारी संध्याकाळी ते दोघं शिवमंदिराकडे फिरायला जाऊ लागले. एवढीच त्यांची मौज.

आता ती केस सांगते. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका कापडवाल्या शेठचं गोडाऊन रात्रीचं फुटलं आणि कापडाची ठाणं गेली. शेठनं पळणाऱ्यांपैकी एकाला कंदिलाच्या उजेडात पाहिलं होतं. पोलिसांनी धरलं ते काथोड भोईरला. हा बदलापूरच्या पलीकडच्या, नदीकाठच्या गावातला आगरी तरुण. गोडाऊनच्या शेजारच्याच रंगाईच्या कारखान्यात कामाला होता. शेठनं त्याला कोर्टात ओळखलं, शपथेवर ठामपणे सांगितलं. काथोडला स्वतःची बाजू सांगायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, त्या राती शिवरात्रीची जत्रा होती. मी शिवमंदिराशी बोरा इकाय बसलो होतू. आय होती संगट. आयला इचारा." आणि मग तो जत्रेत कोण शेजारी बसलं होतं, किती गर्दी होती, आईच्या पायाला काय झालं होतं, असं काय काय सांगत सुटला. साहेब म्हणाले, "मुद्द्याचं बोल." तो गप्प झाला. त्याच्या वकिलानं आईला साक्षीला आणलंच नाही. निकालाचं डिक्टेशन मीच घेतलं. 'आरोपीच्या म्हणण्याला कोणताही आधार नाही.' काथोडच्या त्या सगळ्या बोलण्याला निकालात एवढं एकच वाक्य मिळालं. एक वर्षाची शिक्षा झाली. अपील करायला घरी कोणी शहाणंसुरतं नव्हतं. तो गेला, भोगून आला. आमच्याकडे रोज नव्या केसेस, कोण लक्षात ठेवतो.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी घरफोड्यांची एक टोळी साहेबांसमोर आली. त्यांच्याकडे सापडलेल्या मालात त्याच शेठच्या छापाची ठाणं होती, आणि त्यांच्यातल्या एकानं गुन्हा कबूल करताना ते गोडाऊनही आपणच फोडल्याचं सांगितलं. काथोड भोईर कोण हे त्याला ठाऊकही नव्हतं. सरकारी वकील हे सगळं वाचत पुढे निघून गेले. साहेबांनी मात्र त्यांना थांबवलं आणि मला जुनी फाईल काढून आणायला सांगितलं. दुपारच्या सुट्टीत ते जेवले नाहीत. मी चहा घेऊन गेले तेव्हा फाईल समोर उघडी होती. "बाई," ते म्हणाले, "तो आईचं नाव घेत होता. मी त्याला मुद्द्याचं बोल म्हणालो... तोच मुद्दा होता हो."

दिलेला निकाल न्यायाधीशाला स्वतःला फिरवता येत नाही. कायदाच तसा आहे. दुसरं कोणी असतं तर हळहळून पुढच्या कामाला लागलं असतं. साहेबांनी टोळीच्या निकालाचं डिक्टेशन सुरू केलं आणि शेवटाकडे येऊन येरझाऱ्या थांबवल्या. खुर्चीत बसले. म्हणाले, "लिहा. गोडाऊनच्या त्याच चोरीबद्दल याच न्यायालयानं पूर्वी काथोड भोईर यास शिक्षा दिली होती. आज समोर आलेला पुरावा पाहता ती देताना या न्यायालयाची चूक झाली. आरोपीनं सांगितलेली हकीकत तपासून पाहता आली असती. ती तपासली गेली नाही." माझी पेन्सिल थांबली.

"साहेब, हे निकालात घ्यायचं?"

"मग कुठं घ्यायचं? शिक्षा निकालात लिहिली होती ना?"

ते उघड्या कोर्टात वाचून दाखवलं त्या दिवशी वकिलांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. एक ज्येष्ठ वकील आत येऊन आपुलकीनं सांगून गेले, साठमसाहेब, अहो अशानं वरिष्ठांचं मत खराब होतं, बढतीच्या वेळी हेच पुढं येईल. साहेबांनी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. तो कापडवाला शेठही आला होता. दारातच उभा राहून डोळे पुसत होता. "साहेब, मैं झूठ नहीं बोला था. मला खरंच वाटला, वोही था." साहेब म्हणाले, "तुम्हाला जे वाटलं ते तुम्ही सांगितलंत, शेठ. ते बरोबर आहे का हे बघायचं काम माझं होतं." मोफत कायदा मदतीतून काथोडला वकील मिळाला, उशीर माफ होऊन वरच्या कोर्टात अपील चाललं आणि तो निर्दोष सुटला. सुटला म्हणजे कागदावर. वर्ष तर भोगून झालं होतं.

अपिलाचा निकाल लागला त्याच सुमाराला साहेबांची बदली आली, थेट गडचिरोलीकडे. चार्ज देऊन झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. मी बदलापुरातल्या मांजर्लीत राहते, नदीपलीकडची ती गावं मला माहीत, म्हणून म्हणाले, "काथोडच्या घरी जायचंय. वाट दाखवाल?" मी जरा बिचकलेच. "साहेब, न्यायाधीशानं असं जावं का?" ते म्हणाले, "उद्यापासून मी इथला न्यायाधीश नाही. साठम म्हणून जातोय."

पावसाळ्यातल्या पुराचा गाळ अजून वाटेवर होता. चपला हातात घेऊन आम्ही गेलो. काथोड अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. साहेबांना बिनकोटाचं त्यानं आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर उठून उभा राहिला, हात जोडले नाहीत. साहेब उभ्यानंच म्हणाले, "काथोड, मी तुला शिक्षा दिली ती चुकीची होती. तू सांगत होतास आणि मी ऐकून घेतलं नाही. हे तुझ्यासमोर येऊन सांगायचं होतं."

त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "तुमी आयलाव, बरा झाला. पन माझी आय गेली तवा मी जेलान होतू. लोका सांगतान, शेवटपरत ती म्हनत होती, मना कोर्टान बोलवा, मी सांगतंय."

माफ कर, असं साहेब म्हणाले नाहीत. मला वाटतं, माफी मागितली तर त्याला द्यावी लागेल, म्हणूनच नाही मागितली. काथोडच्या बायकोनं तांब्या आणून ठेवला. साहेब पाणी प्यायले, आणि काथोडनं आम्हाला नदीच्या वाटेपर्यंत आणून सोडलं. निरोप घेताना तो एवढंच म्हणाला, "संभालून जा, चिखल हाय." परतताना साहेब बांधावर मध्येच थांबले. मला वाटलं दम लागला. पण ते चष्मा काढून पुसत होते, खूप वेळ पुसत होते...

त्यांची बढती पुढं बरीच वर्षं रखडली. निकालातल्या त्या परिच्छेदामुळे की आणखी कशामुळे, हे कुणी सांगत नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. एकदा दिवाळीच्या शुभेच्छांच्या फोनवर मीच विषय काढला तर म्हणाले, "बाई, इथं जंगल फार छान आहे." गडचिरोलीहून आलेले एक कारकून मला सांगत होते, की तिथं त्यांच्या कोर्टात आरोपी बोलू लागला की कोणीही त्याला थांबवायचं नाही, अगदी त्याचा वकीलसुद्धा नाही. कामाला उशीर व्हायचा. लोक कुरकुरायचे. साहेब ऐकत बसायचे. नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले आणि वहिनींच्या हट्टानं अंबरनाथलाच फ्लॅट घेऊन राहिले. "आता तरी मला इथल्या बायकांकडे जाऊ दे," असं वहिनींनी सांगितलं होतं म्हणे, आणि खरोखरच पहिल्या संक्रांतीला साहेब स्वतः त्यांना चार घरी पोचवून आले.

परवा मी त्यांच्या घरी गेले ती हीच सगळी शिदोरी घेऊन. वहिनी शांत होत्या. पुढच्या खोलीत साहेबांची खुर्ची तशीच खिडकीशी होती आणि समोर लाकडी बाक. निवृत्तीनंतर या बाकावर किती माणसं येऊन बसत, ते वहिनी सांगत होत्या. सल्ला विचारायला येत, भांडणं घेऊन येत. साहेब फी घेत नसत, आणि लगेच सल्लाही देत नसत. आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं आलेल्याच्याच तोंडून वदवून घेत.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात दोघे भाऊ उभे होते, वांगणीकडचे. सामाईक विहिरीवरच्या पंपावरून त्यांचं फाटलं होतं आणि कोणीतरी त्यांना साहेबांचा पत्ता दिला होता. साहेब गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. वहिनींनी सांगितलं तसे ते ओशाळले. धाकटा चपला घालायला वळला.

"एवढ्या लांबून आलात, बसा," वहिनी म्हणाल्या. दोघं अवघडून बाकाच्या दोन टोकांना बसले. वहिनी साहेबांच्या खुर्चीत बसल्या नाहीत. आतून एक स्टूल आणलं, त्यांच्या समोर ठेवलं आणि थोरल्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं नंतर. याचं म्हणणं काय आहे, ते आधी तू सांग."

थोरला भावाकडे बघून हसायला गेला, पण हसला नाही. "त्याचं म्हननं असंय का..." असं म्हणून तो अडखळला आणि खाली बघत शब्द शोधू लागला. धाकटा मध्ये काही बोलणार होता. वहिनींनी नुसता हात वर केला.

"सांगू दे त्याला," त्या म्हणाल्या. "आपल्याला घाई नाही."